कापड धरणारी

१

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमची सगळी गल्ली म्हणते. म्हणेना का! तंजावूरच्या राजवाड्यामागच्या या गल्लीत मी, विशालाक्षीनं, छप्पन्न वर्षं काढली, आणि एकदा जरी कुणावर विनाकारण ओरडले असेन तर माझं नाव बदला. कारण असतं. लोक ते विसरतात, मी विसरत नाही, एवढंच.

मला नाद जुन्या शिलाई मशीनचा. टेलिफोन खात्यातून लवकर निवृत्ती घेतली तेव्हा घरात दोन मशीनं होती, आता अकरा आहेत. कुणाच्या अडगळीतून आणलेली, कुणाच्या गोठ्यातून, दोन तर कुंभकोणमच्या भंगारवाल्याकडून उचललेली. मशीन आलं की आधी चार दिवस रॉकेल पाजायचं, पितळी ब्रशानं कापड सरकवणारे दाते घासायचे, आटून चिकट झालेलं तेल सुईच्या टोकानं खरवडायचं. आणि मग निवांत बघत बसायचं. मशीनवरची सोनेरी वेलबुट्टी कुठं झिजली आहे त्यावरून कळतं बाई हात कुठं टेकायची. पाय मारायच्या पायट्याच्या लोखंडी जाळीवरून कळतं कुठल्या पायावर जोर द्यायची. दात्यांखालचा भुगा उकरला की तिनं शेवटचं काय शिवलं, त्याचा रंगसुद्धा कळतो. नवरे चाळीस वर्षं सोबत राहून ओळखत नाहीत, तेवढी बाई मी चार दिवसांत ओळखते.

म्हणून मशीनला कुणी अडगळ म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि त्यात पहिला नंबर माझ्या सख्ख्या थोरल्या भावाचा, रघुनाथचा. तो चेन्नईला असतो. नऊ वर्षांपूर्वी मी ऑपरेशनसाठी तिरुचीच्या इस्पितळात होते, आईजवळ कुणी तरी हवं म्हणून तो आठ दिवस आला, आणि त्या आठ दिवसांत त्यानं आईचं मशीन कुणाला तरी देऊन टाकलं. ज्या मशीनवर गल्लीतल्या बायकांच्या चोळ्या शिवून आईनं आम्हां दोघांना वाढवलं, ते मशीन! मी घरी आले तर जागा रिकामी. आईला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, "जाऊ दे गे." त्या दिवसापासून आई कमी कमी बोलायला लागली, आणि मी रघुनाथशी बोलणं टाकलं. महिन्यातून एकदा त्याचा फोन येतो, मी दोन शब्द ऐकवते आणि ठेवते.

गेल्या आवणी महिन्यात पापनाशमला एका लग्नाला गेले होते. बसस्टँडमागच्या गल्लीत राममूर्ती नावाच्या शिंप्याचं दुकान दिसलं आणि सवयीनं आत डोकावले. कोपऱ्यात एक मशीन होतं, वर तीन चादरी टाकलेल्या, पाठ भिंतीला अशी घट्ट लावलेली की मधून पोस्टकार्ड जाणार नाही. ड्रॉवर ओढला. आतल्या फळीवर कंपासच्या टोकानं कोरलेलं नाव होतं, माझं, सातवीत असताना मीच कोरलेलं. त्यावरून दोनदा बोट फिरवलं.

मग त्या राममूर्तीची खरडपट्टी काढली. ओल्या भिंतीला लाकूड लावतात का? कुजलं असतं ना! तो हात जोडून म्हणाला, "जागा नाही अम्मा, म्हणून." अर्ध्या दुकानात जागा मोकळी होती. मी न्यायचं म्हटल्यावर त्यानं एक प्रश्न केला नाही, घासाघीस केली नाही, स्वतः टेंपो बोलावला. मला वाटलं, माझ्या तोंडाला घाबरला.

२

आईचं मशीन मी घरी आणून उघडलं. होडीच्या आकाराची बॉबिनपेटी असलेलं हे जुनं मशीन, आता अशी कुणी वापरत नाही. तेल आटलं होतं पण गंज नव्हता. राममूर्तीनं ते नऊ वर्षांत चालवलं नव्हतं, हे दात्यांकडे बघताच कळलं. चार दिवस रॉकेल, मग जुन्या साडीच्या बोळ्यानं पुसायला घेतलं.

पुढची बाजू आधी पुसली. सुईच्या डावीकडे वेलबुट्टी झिजलेली, तिथं आईचा हात असायचा. बरोबर. उजवीकडे चाकाजवळ अंगठ्याचा घासा, तेही बरोबर. मग मशीन फिरवलं आणि पाठ पुसली.

पाठीची वेलबुट्टी कधी झिजत नाही. तिकडे हात जातच नाही कुणाचा. शंभर वर्षांच्या मशीनचीसुद्धा पाठ नव्यासारखी असते, संग्रह करणारे लोक आधी तीच बघतात. आईच्या मशीनची पाठ मात्र पुढच्या बाजूपेक्षा जास्त झिजली होती. सोनं तर गेलंच होतं, खालचा काळा रंगही गेला होता, आणि आतलं लोखंड पांढरं पडलं होतं. दोन ठिकाणी, सुईच्या दोन्ही अंगांना. दोन मनगटं टेकल्यासारखी.

पायटा उलटा करून बघितला. शिवणाऱ्या बाईच्या टाचा लागतात ती कड झिजली होती, ठीक. पलीकडची कडही तेवढीच झिजली होती. म्हणजे मशीनच्या दुसऱ्या बाजूनं, शिवणाऱ्या बाईच्या समोर बसून, कुणीतरी वर्षानुवर्षं त्याच पायट्यावर पाय ठेवले होते.

 मग माझं मलाच हसू आलं. अगं, तूच की! लहानपणी आई लांब शिवण घालायला लागली की मी समोर स्टूल टाकून बसायचे, आणि सुईमागून येणारं कापड दोन्ही हातांनी धरायचे. "धर गे, सरळ धर," आई म्हणायची. तिच्या तोंडातल्या कच्च्या सुपारीचा वास, कपाळावरचा घाम, कापड माझ्याकडे सरकत येताना हातांना होणारी गुदगुली, सगळं मला आठवत होतं. लहान पोरीच्या मनगटांनी लोखंड एवढं झिजतं का, असं मनात आलं, पण मी ते तिथंच सोडलं.

माझी सगळी मशीनं दिवाणखान्यात मधोमध मांडलेली असतात, चारही बाजूंनी दिसावीत म्हणून. भिंतीला लावून ठेवायला ती काय कपाटं आहेत? आईचं मशीन मी बरोबर मध्ये ठेवलं, खिडकीच्या उजेडात.

३

आता आईचं सांगते. आई एक्क्याऐंशी वर्षांची. तीन वर्षं झाली, ती मला ओळखत नाही. तिला आंघोळ मी घालते, भात मी भरवते, अंथरूण मी बदलते, आणि ती मला म्हणते, "बाई, पाणी देता का हो?" सख्ख्या लेकीला अहो-जाहो! पहिल्या वर्षी मी रडायचे. दुसऱ्या वर्षी भांडायचे, "आई, मी विशाला," म्हणून ओरडायचे. मग तेही सोडलं. एकदाच, मरायच्या आधी एकदाच तिनं मला नावानं हाक मारावी, एवढंच मागणं उरलं होतं. मशीन घरी आणलं ते त्यासाठीच, संग्रह गेला खड्ड्यात.

सकाळी तिला धरून मशीनपुढे बसवलं. एक जुनी वेष्टी, धोतरच ते, उभी फाडून दोन तुकडे केले होते, ते सुईखाली घातले. आईनं चाकावर हात ठेवला. बोटं जरा चाचपडली, आणि पाय आपोआप हलले. टाका सरळ आला हो, अगदी सरळ! तीन वर्षं जिला चमचा धरता येत नव्हता, तिचा टाका रेघ मारल्यासारखा.

मी तोंडावर पदर धरून उभी होते. आईनं मान वर केली, समोर बघितलं आणि हसून म्हणाली, "विशाला, धर गे."

मी धावले. "आले आई, आले!" म्हणत तिच्या खांद्याला हात लावला. तिनं माझ्याकडे वळून बघितलं, आणि चेहऱ्यावरचं हसू आवरून म्हणाली, "जरा बाजूला होता का हो बाई? उजेड अडतो."

आणि पुन्हा समोर बघून बोलायला लागली. मशीनच्या पलीकडे, जिथं फक्त फरशी होती. "कोठे गेली होतीस गे? जेवलीस का? हो? मग मज सांगायचं नाहीस?" मधे थांबायची, ऐकायची, मान हलवायची. तासभर चाललं. दुपारी तिनं दोन वाट्या रसमभात खाल्ला, तीन वर्षांत पहिल्यांदा.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असं होतं, त्यांना तुमचं लहानपण दिसतंय, चांगलंच आहे की. हो, चांगलंच आहे! गू-मूत मी काढायचं आणि गोड बोलणं त्या फरशीवर बसलेल्या आठ वर्षांच्या विशालानं घ्यायचं. माणसाला स्वतःचाच हेवा वाटावा, आणि तोही इतका की दात खावेत. मला वाटला.

आठवडाभर मी तिचं बोलणं ऐकत होते. सहाव्या दिवशी आई समोर बघून म्हणाली, "आता पाय दुखतात ना? वय झालं गे तुझंही." आठ वर्षांच्या पोरीशी असं कोण बोलतं?

४

त्याच दुपारी रघुनाथचा महिन्याचा फोन आला. एरवी मी दोन शब्दांत वाटेला लावते, पण त्या दिवशी मला त्याला टोचायचंच होतं.

"मशीन सापडलं," मी म्हटलं. "पापनाशमला. आई शिवते आहे त्यावर. बोलते आहे. तू काय घालवलं होतंस ते कळलं का आता?"

 तो म्हणाला, "विशाले, ते कोठे ठेवलं आहेस?"

"माझ्या डोक्यावर! कुठं म्हणजे? दिवाणखान्यात, मधोमध."

"भिंतीला लाव," तो म्हणाला. "आईचं मशीन कायम भिंतीला असायचं. पाठ भिंतीला."

"काहीतरी बोलू नकोस. मी समोर बसून कापड धरायचे."

"तू कोठे बसणार गे? पलीकडे भिंत होती. आणि तू तर त्याच्या जवळसुद्धा यायची नाहीस. मशीन सुरू झालं की तू उठून गल्लीत जायचीस. आई हाका मारून दमायची."

मी काही बोलणार तेवढ्यात तो एका दमात बोलला. म्हणाला, "मी दिलं नाही ते, आईनं देवविलं. तू इस्पितळात होतीस. मज म्हणाली, विशाला परत यायच्या आत हे घराबाहेर काढ, एका घरात दोघी नकोत. मी नको म्हटलं तर माझ्या पाया पडली. आई, मुलाच्या पाया पडली! विशालाला सांगू नकोस म्हणाली. नऊ वर्षं तुझ्या शिव्या खातो आहे, ते त्यामुळे."

माझं डोकं असं फिरलं की काय सांगू. ज्या आईला स्वतःची बाजू मांडता येत नाही, तिच्यावर ढकलून मोकळा! मी म्हटलं, "तुझ्या जिभेला हाड नाही. परत फोन केलास तर याद राख." आणि ठेवला.

पण ठेवल्यावर स्वस्थ बसवेना. आईचं मशीन कुठं असायचं? जिथं आता लोखंडी कपाट आहे, तिथं. मी कपाट ओढलं. एकटीनं, घाम निघेपर्यंत. मागच्या चुन्यावर चाकाच्या उंचीला तेलाचा काळा डाग होता, आणि त्याच्या शेजारी टेबलाच्या कडेनं पडलेली लांब खरड, वर्षानुवर्षं घासून खोल गेलेली. मशीनची पाठ भिंतीत रुतली होती म्हणा ना. मधे मांजर मावलं नसतं.

मग ते स्टूल, ती सुपारी, हातांना होणारी ती गुदगुली? मी कपाटाला टेकून ते पुन्हा आठवायचा प्रयत्न केला. सगळं आठवलं, लख्ख. फक्त त्या आठवणीत माझे हात मोठ्या बाईचे होते.

रघुनाथ खोटं बोलतो, असं मी तीनदा मोठ्यानं म्हटलं. कपाट पुन्हा जागेवर सरकवलं.

५

मी काही भोळीभाबडी नाही. टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढली, तारेत आवाज आला तर कुठं जोड सैल झाला ते शोधायचं, देवाला नारळ फोडायचा नाही. म्हणून मी आवाज ऐकायला लागले. आईचा डावा गुडघा गेलेला आहे. तिच्या पायट्याचा ठेका लंगडा असायला हवा, एक जोराचा, एक हलका. स्वयंपाकघरातून ऐकलं की पहिली दोन मिनिटं तो तसाच असायचा. मग हलका ठेका भरून यायचा, आणि मशीन एकसारखं, तालात, तरण्या बाईनं चालवावं तसं चालायचं. मी दिवाणखान्याच्या दारात आले की पुन्हा लंगडा.

मंगळवारी आईला झोपलेली बघून मी भाजीला गेले. अर्ध्या तासात परत आले तर समोरच्या घरातली नंदिता दारात कोलमच्या रांगोळीसाठी सडा घालत होती. ही आमच्यातलीच, तंजावुरी मराठी मुलगी, बँकेत आहे, त्या दिवशी रजेवर होती. मला बघून ती गोंधळली.

"अक्का, तुम्ही बाहेर कधी गेलात? आत्ता तर आत होतात."

"भाजीला गेले होते."

"नाही हो, खिडकीतून दिसत होतात की. तुमच्या आईंच्या समोर बसून कापड धरत होतात. मी हाक मारली तर हात पण केलात." मग ती हसली. "खरं सांगू? रागावू नका. किती शांत दिसत होतात तुम्ही. मी म्हटलं, आज अक्कांना झालंय तरी काय!"

मी पिशवी तिथंच टाकून आत पळाले. आई मशीनपुढे बसली होती. आपली आपण उठून, पलंगापासून चालत येऊन. मी पाऊल न वाजवता दारात थांबले. ठेका एकसारखा होता.

पुढे जायचं धाडस होईना. मी तिथंच, उंबऱ्याशी, फरशीवर खाली वाकले. गाल जवळजवळ जमिनीला लावला आणि मशीनच्या टेबलाखालून बघितलं.

पायट्यावर आईचे पाय होते, सुजलेले, डाव्या घोट्याला काळी पट्टी. आणि पलीकडून आलेले आणखी दोन पाय होते. दोघींच्या पायांनी मिळून पायटा खालीवर होत होता. पलीकडच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला नख नव्हतं.

चार वर्षांपूर्वी एका जर्मन मशीनचं डोकं माझ्या उजव्या पायावर पडलं, तेव्हा अंगठ्याचं नख गेलं ते परत आलं नाही.

मी उभी राहिले तेव्हा मशीनच्या पलीकडे कुणी नव्हतं. खिडकीतून ऊन येत होतं आणि नंदिता माझी पिशवी घेऊन दारात आली होती.

६

घाबरले, हो. पण माझं घाबरणं फार टिकत नाही, त्याचा लगेच राग होतो. माझ्या घरात, माझ्या आईसमोर, माझे पाय लावून बसणारी ही कोण टवळी?

चाकावरचा पट्टा काढला. मशीन ढकलत नेऊन भिंतीला लावलं, पाठ घट्ट. वर दोन चादरी टाकल्या, राममूर्तीनं टाकल्या होत्या तशा. आणि आईला म्हटलं, "झालं शिवणं. आता माझ्याशी बोल."

आई बोलली नाही. त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पाणीही घेईना, दात घट्ट मिटून घेतले. मी चमच्यानं ओठ उघडायचा प्रयत्न केला तर तिनं मला ढकललं. नुसती भिंतीकडे बघत पडून राहायची, आणि पांघरुणाखाली तिचे पाय हलत राहायचे. तिसऱ्या दिवशी डॉक्टर घरी आले, सलाईन लावलं. बाहेर येऊन म्हणाले, "या वयात फार दिवस काढणार नाहीत. त्यांना कशात आनंद वाटत होता ते बंद करू नका."

मी त्यांना दाराबाहेर जवळजवळ हाकललंच. यांना काय जातं सांगायला! पण चौथ्या दिवशी आईचे डोळे खोल गेलेले बघितले, आणि हात टेकले. चादरी काढल्या, मशीन ओढून मधे आणलं, पट्टा चढवला. आईला उचलून बसवलं. दोन ठेके लंगडे पडले आणि मग ती हसली. "आलीस गे? मज वाटलं रुसलीस."

मी ताटात दहीभात कालवून आणला. आई माझ्या हातून खायला तयार नव्हती. समोर बघून म्हणाली, "तू म्हणतेस तर खाते." आणि माझ्या हातातला घास खाल्ला. माझ्या हातातला, पण तिच्यासाठी.

 तीन वर्षं! तीन वर्षं मी काय कमी केलं हो? मान्य आहे, ओरडले. थकले की ओरडले, औषध सांडलं की ओरडले, रात्री चारदा उठवलं की ओरडले. पण केलं ना सगळं? ती काय करते? कापड धरते. कापड तर मीही धरेन!

तेव्हाच ठरलं. या घरात विशाला एकच आहे, आणि ती जागा माझी आहे.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी आई शिवायला बसल्यावर मी स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं आणि सरळ मशीनच्या पलीकडे नेऊन आदळलं. आई दचकली. मी म्हटलं, "सरक!" आईला नाही, जी कोणी होती तिला. आणि बसले.

हवेत काही नव्हतं. गारठा नाही, वास नाही, काही नाही. मी पाय पायट्यावर ठेवले, मनगटं मशीनच्या पाठीला टेकवली. ती झिजलेल्या जागी बरोबर बसली.

आईनं मान वर केली. माझ्याकडे बघितलं, माझ्या डोळ्यांत, आणि तिचा सगळा चेहरा उजळला.

"विशाला," ती म्हणाली. "आलीस गे माझे बाई."

मला हुंदका आवरेना. "आले आई. मीच आहे. मीच होते इतके दिवस." तिनं हात पुढे करून माझा गाल पुसला. सुपारीचा वास आला. मग तिनं चाक फिरवलं आणि कापड माझ्याकडे सरकत आलं. हातांना गुदगुली झाली. मी धरलं, सरळ धरलं. मनात म्हटलं, जिंकले! जी कोणी होती तिला उठवलं.

स्वयंपाकघरात माझा फोन वाजला. महिना संपला नव्हता, पण वाजण्याच्या वेळेवरून कळलं, रघुनाथच. एवढी शिवण संपली की उठू आणि त्याला ऐकवू, असा विचार केला. कापड येत होतं.

फोन वाजायचा थांबला. कुणीतरी उचलला होता.

"हं, बोल अण्णा," माझा आवाज म्हणाला. "नाही रे, आता नाही रागावले. झालं ते झालं. मीच वेडी, नऊ वर्षं डोक्यात घेऊन बसले. आईनंच सांगितलं असणार, मज ठाऊक नाही का? तू रविवारी ये. जेवायलाच ये."

इतका गोड आवाज माझ्या गळ्यातून जन्मात निघाला नव्हता. मी उठायला गेले. मला कुणी धरलं नव्हतं, बांधलं नव्हतं. पण हातात कापड होतं आणि ते संपत नव्हतं, आणि अर्ध्या शिवणीत सोडलं तर आईचा टाका वाकडा जाईल, एवढंच सारखं मनात येत राहिलं.

ती बाहेर आली. माझी निळी सुती साडी, माझा केसांचा अंबाडा, हातात आईच्या कॉफीचा पेला. आईशेजारी वाकून तिनं टंबळर ठेवला.

"ठेवा हो बाई तेथे," आई म्हणाली.

मी असते तर टंबळर आपटला असता. ती हसली, आईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेली.

रविवारी रघुनाथ आला, तेव्हाही मी त्याच स्टुलावर कापड धरून होते. केस पिकलेत त्याचे, जिना चढल्यासारखा धापा टाकत होता. तिनं त्याला पान वाढलं, दिवाणखान्यातच, आईला दिसेल असं. तो माझ्या इतक्या जवळून गेला की त्याच्या वेष्टीचा काठ माझ्या गुडघ्याला लागला. दोन घास खाऊन तो रडायला लागला. "किती बदललीस गे विशाले," म्हणाला. ती म्हणाली, "जेव अण्णा, निवतं आहे."

तेव्हा मी तोंड उघडलं. नऊ वर्षांचं साठलेलं सगळं काढलं. आईच्या खोकल्याच्या रात्री, तू न पाठवलेली पत्रं, तू न घेतलेल्या सुट्ट्या, मी एकटीनं उचललेलं आईचं शरीर. आणि ही मी नाही रे, मी इथं आहे, ही माझ्या तोंडानं तुला माफ करते आहे, मी नाही केलं, मी कधीच करणार नाही! गल्ली गोळा व्हावी इतक्या मोठ्यानं, घसा फाटेपर्यंत. रघुनाथनं रसमासाठी पान पुढे सरकवलं.

फक्त आईनं मान वर केली. चाक थांबवून माझ्याकडे बघितलं.

"हळू बोल गे," ती म्हणाली. "अण्णा जेवतो आहे."